मनगटावर दाब किती?

अँजिओग्राफी संपली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्लॉक किती आणि कुठे? डॉक्टर पडद्यावर हलणाऱ्या काळ्या रेषा दाखवतात, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत ‘एलएडी’ हे हृदयाच्या एका धमनीचं नाव सगळ्या नातेवाइकांच्या तोंडी झालेलं असतं. या गडबडीत पेशंटच्या मनगटाकडे कोणाचंच लक्ष नसतं. तिथे एक पारदर्शक पट्टा बांधलेला असतो, त्यात हवा भरलेली असते आणि त्याखाली धमनीला पडलेलं भोक बुजण्याचं काम चालू असतं. तपासणी अर्ध्या तासात उरकते. हे काम पुढे दोन-तीन तास चालतं आणि ते बहुतेक करून वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात असतं.

भोक म्हटलं की आपल्याला रक्त तपासायला घेतात तेव्हाची सुई आठवते. ते रक्त शिरेतून घेतलेलं असतं. शिरेतला दाब जेमतेम असतो. कापसाचा बोळा दाबून धरला की दोन-तीन मिनिटांत काम होतं. इथला मामला वेगळा आहे. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर जी नाडी लागते ती रेडियल धमनी. तिची आतली रुंदी दोन ते तीन मिलिमीटर, बायकांमध्ये बहुधा त्याहून कमीच. तिच्यात जी नळी बसवतात, कॅथलॅबमध्ये (ही तपासणी होते त्या खोलीत) तिला ‘शीथ’ म्हणतात, तिची बाहेरून जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे धमनी जवळजवळ भरून टाकणारी नळी. ती उपसली की मागे उरतं ते भोक, आणि त्या भोकावर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पाऱ्याच्या १२० मिलिमीटरचा धक्का बसतो; बीपीच्या पेशंटला १६०-१७०चा. शिवाय नळीवर गुठळी धरू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं. अँजिओप्लास्टी झाली असेल तर ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असतंच. रक्त गोठू नये यासाठी करता येईल ते सगळं करायचं आणि मग त्याच रक्तानं एका ठिकाणी मात्र मुकाट्यानं गोठावं अशी अपेक्षा धरायची, असा हा उलटा कारभार आहे.

तरीही तो जमतो. त्याचं मुख्य श्रेय मनगटाच्या रचनेला. रेडियल धमनी तिथे कातडीच्या लगेच खाली असते आणि तिच्या मागे हाताच्या हाडाचा रुंद, सपाट भाग येतो. वरून दाबलं की धमनी हाडावर टेकते, दाब वाया जात नाही. शेजारी मोठी शीर किंवा मोठी नस चिकटून नसते. आणि हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनी, अल्नर, करंगळीच्या बाजूनं येते. दोघी तळहातात कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. एकीवर काही वेळ संकट आलं तरी बहुतेकांच्या बोटांना रक्त कमी पडत नाही.

जांघेची गोष्ट याच्या नेमकी उलटी. ज्यांच्या घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणाची अँजिओग्राफी झाली असेल त्यांना वाळूची पिशवी आठवत असेल. जांघेतल्या फीमोरल धमनीतून नळी घातलेली, ती काढल्यावर डॉक्टर किंवा ब्रदर पंधरा-वीस मिनिटं अंगाचा भार टाकून दाबून धरायचे, मग त्यावर घट्ट पट्टी, वर वाळूची पिशवी आणि पेशंट कित्येक तास पाय न वाकवता उताणा. लघवीसुद्धा तशीच. पण खरी धास्ती वेगळीच होती. फीमोरल धमनी मोठी आणि खोल. भोक थोडं वर पडलं असेल तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचत जातं. पट्टी कोरडी, चादर स्वच्छ, आणि पेशंट मात्र कंबर दुखते म्हणत म्हणत पांढरा पडत चाललेला. तिथे लिटरभर रक्त सहज मावतं. मनगटावर रक्त गेलं तर ते डोळ्यांना दिसतं, आणि न दिसता आत साचलं तरी हात फुगल्यावर कळतं. ‘हातातून केली की पायातून?’ हा प्रश्न आपल्याकडे लोक त्रास किती झाला या अर्थानं विचारतात. हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी त्याचा अर्थ रक्तस्रावाचा धोका किती, असा आहे.

हा मार्ग सुचला मात्र उशिरा. स्वीडनमध्ये स्टिग राडनर यांनी १९४८ साली मनगटातली धमनी शस्त्रक्रियेनं उघडी करून तिच्यातून महाधमनीपर्यंत नळी नेली होती, पण ती वाट तशीच पडून राहिली. १९८९मध्ये मॉन्ट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या ल्युसियाँ कांपो यांनी शंभर पेशंटांवर मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाय यांनी १९९२मध्ये मनगटातून अँजिओप्लास्टी केली. त्यांना हे का करावंसं वाटलं ते समजायला तो काळ आठवावा लागतो. स्टेंट नुकते आले होते आणि ते गुठळीनं बंद पडू नयेत म्हणून पेशंटला हेपरिन, वॉरफरिन, ॲस्पिरिन असा सगळा मारा सहन करावा लागे. स्टेंट टिकायचा, पण जांघेतून रक्त वाहायचं. औषधं कमी करता येत नव्हती, म्हणून कीमेनाय यांनी भोकाची जागाच बदलली. कॅथलॅबमध्ये आज आपला उजवा हात बाहेर काढून फळीवर बांधतात त्यामागे हा सरळसाधा हिशेब आहे.

हिशेब बरोबर होता हे मोठ्या चाचण्यांतून ठरायला आणखी वीस वर्षं गेली. २०११च्या ‘रायव्हल’ चाचणीत ३२ देशांतले ७,०२१ पेशंट होते. नळी घातलेल्या जागी रक्तवाहिनीची गंभीर गुंतागुंत मनगटाच्या गटात १.४ टक्के, जांघेच्या गटात ३.७ टक्के. मृत्यू, हृदयविकाराचा झटका वगैरे एकत्र धरलेल्या मुख्य निकषात मात्र तिथे फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. २०१५च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ पेशंट होते आणि त्यात मृत्यूंचं प्रमाणही मनगटाच्या बाजूनं झुकलं: १.६ विरुद्ध २.२ टक्के. कातडीवरच्या अडीच मिलिमीटरच्या भोकाची जागा बदलल्यानं माणसं वाचतात, हे ऐकायला अतिशयोक्त वाटतं. पण हृदयविकाराच्या झटक्यात अशक्त झालेल्या हृदयाला दोन बाटल्या रक्त गमावणं परवडत नाही, हे लक्षात घेतलं की आश्चर्य उरत नाही.

आता सुरुवातीच्या त्या पारदर्शक पट्ट्याकडे, म्हणजे बँडकडे येऊ. सर्वांत जास्त वापरला जातो तो जपानच्या तेरुमो कंपनीचा ‘टीआर बँड’, आणि त्याच धर्तीवरचे इतरही आता मिळतात. दिसायला घड्याळाच्या पट्ट्यासारखा, आतल्या बाजूला हवेची छोटी पिशवी, बाजूला हवा भरायची नळी. पारदर्शक असल्यामुळे खाली काय चाललंय ते सतत दिसतं, आणि याच गुणाचे निम्मे पैसे आहेत असं मला वाटतं. त्यावर एक हिरवी खूण असते. ती कुठे ठेवायची यात पहिली मेख आहे. धमनीत सुई घालताना ती तिरकी, तीस ते पंचेचाळीस अंशांत घालतात. त्यामुळे कातडीवरचं भोक आणि धमनीचं भोक एकाखाली एक नसतात; धमनीचं भोक काही मिलिमीटर कोपराच्या बाजूला सरकलेलं असतं. नवखा माणूस डोळ्यांना दिसणाऱ्या भोकावर दाबतो. कातडीतून येणारं रक्त थांबतं, सगळे निर्धास्त होतात, आणि खाली धमनी आतल्या आत गळत राहते. म्हणून खूण कातडीच्या भोकावर न ठेवता तिथून जराशी वर, एक-दोन मिलिमीटर कोपराकडे धरतात.

मग शीथ दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढून घेतात, बँड बांधतात आणि सिरिंजनं पंधरा मिलिलिटरच्या आसपास हवा भरतात. अठराच्या वर नाही. हवा भरता भरता शीथ पूर्ण बाहेर. इथवर सगळीकडे सारखंच असतं. पुढची दोन मिनिटं मात्र कोण किती मन लावून देतं यावर बरंच अवलंबून आहे. सिरिंज पुन्हा जोडायची आणि हवा हळूहळू, एकेक मिलिलिटर काढत जायची. नजर भोकावर. एका क्षणी बँडखाली लाल टिपका उमटतो. रक्त डोकावलं! तिथे थांबायचं आणि एक-दोन मिलिलिटर हवा परत भरायची. टिपका वाढायचा थांबला की या माणसाला, या बीपीला, या मनगटाला लागणारा कमीत कमी दाब आपल्याला सापडला. बारीक बाईला तो दहा मिलिलिटरला सापडेल, जाड मनगटाच्या गृहस्थांना चौदाला. सगळ्यांना सरसकट पंधरा भरून ठेवणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देणं.

कमीत कमीच का? जरा जास्त दाबलं तर बिघडलं काय? रक्त तर थांबलंच ना? हाच प्रश्न सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे, आणि सुरुवातीची बरीच वर्षं डॉक्टर मंडळीही याच समजुतीत होती. मनगटातून केलं की रक्त हमखास थांबतं म्हणून ते थांबवायचं कसं याचा फार विचार कोणी केला नाही. गॉजची घट्ट घडी, तिच्यावर डायनाप्लास्टचे दोन-तीन वेढे, आणि उद्या सकाळी काढा. रक्त थांबायचं. त्याचबरोबर कित्येक पेशंटांची धमनीही कायमची बंद व्हायची. ते कोणाला कळायचं नाही, कारण अल्नर धमनी हात सांभाळून घ्यायची.

धमनी का बंद होते ते समजायला रक्त कसं थांबतं ते थोडं पाहावं लागेल. भिंत फाटली की धमनी आधी आकसते. फाटलेल्या कडेला उघडे पडलेले तंतू रक्तातल्या प्लेटलेट्सना धरून ठेवतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि कच्ची बुच तयार होते. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होऊन फायब्रिनचं जाळं विणतात आणि बुच पक्की होते. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल पहिल्या टप्प्यात खोडा घालतात, हेपरिन दुसऱ्यात. दाबाचं काम एवढंच की बुच पक्की होईपर्यंत तिला धक्का लागू द्यायचा नाही. पण दाब इतका असेल की धमनीतून रक्त वाहणंच बंद होईल, तर भोकाजवळचं रक्त साचून उभं राहतं. शीथनं आतलं अस्तर खरवडलेलं असतंच. साचलेलं रक्त, दुखावलेलं अस्तर आणि गोठण्याचा स्वभाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या की गुठळी बुचापुरती थांबत नाही, ती धमनीची सगळी पोकळी भरते. शेतातल्या पाइपला भोक पडलं तर आपण भोकावर अंगठा ठेवतो, पाइपवर उभं राहून पाणी तोडत नाही. मनगटावर मात्र आपण वर्षानुवर्षं पाइपवर उभे होतो.

हे नीट मोजून दाखवलं २००८मध्ये, ‘प्रॉफेट’ नावाच्या चाचणीनं. पेनसिल्व्हेनियात काम करणारे समीर पंचोली आणि अहमदाबादचे तेजस पटेल ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. ४३६ पेशंटांचे दोन गट केले. एका गटात नेहमीसारखा दाब. दुसऱ्या गटात रक्त थांबेल पण धमनी वाहती राहील इतकाच. चोवीस तासांनी पहिल्या गटात १२ टक्के धमन्या बंद होत्या, दुसऱ्या गटात ५. महिन्याभरानं ७ आणि १.८. रक्तस्राव दुसऱ्या गटात वाढला नाही. म्हणजे जादा दाबानं फायदा काहीच झाला नव्हता. २०१६मध्ये याच मंडळींनी ३,००० पेशंटांवर दुसरी चाचणी केली. त्यात दाबाबरोबर करंगळीच्या बाजूची अल्नर धमनीही दाबून ठेवली, जेणेकरून तळहाताचं सगळं रक्त रेडियलमधूनच यावं आणि ती वाहती राहावी. महिन्यानंतर बंद धमन्या ३ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आल्या. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, नुसता दाबाचा आणि जागेचा विचार.

धमनी वाहती आहे हे ओळखायचं कसं? बोटांनी नाडी बघणं इथे फसवं ठरतं. रेडियल मनगटाशी बंद झाली तरी तळहाताच्या कमानीतून अल्नरचं रक्त उलटं येतं आणि बंद जागेच्या पुढे ठोका लागू शकतो. अनुभवी डॉक्टरही चकतात. त्यासाठी युक्ती साधी आहे. कोविडमध्ये घरोघरी पोचलेलं ऑक्सिमीटर पेशंटच्या अंगठ्याला लावायचं. पडद्यावर रेषेचा उतारचढाव दिसणारं हवं, नुसता आकडा दाखवणारं नको. बँड बांधलेला असताना करंगळीकडची अल्नर धमनी बोटानं दाबायची. रेषा नाचती राहिली तर बोटाला रक्त रेडियलमधून येतंय, म्हणजे बँड योग्य. रेषा सपाट झाली तर बँडनं धमनी पूर्ण चिरडली आहे, हवा काढा. एक मिनिटाचं काम. एकानं दाबायचं, एकानं पडद्याकडे बघायचं. वॉर्डात पेशंट उतरवून घ्यायच्या घाईत नेमकं हेच एक मिनिट वाचवलं जातं, आणि याचा दोष मी सिस्टरांना देणार नाही. एका सिस्टरकडे आठ-दहा बेड असतील तर ती ‘बँड दोन तास, मग सोडा’ असा एकच नियम पाळणार. दोष असलाच तर बँड विकत घेणाऱ्या पण त्यासाठी लागणाऱ्या माणसाच्या वेळेचा हिशेब न धरणाऱ्या व्यवस्थेचा.

याच विषयातला आणखी एक प्रकार पहिल्यांदा वाचला की खटकतो. हेपरिन जास्त दिलं तर धमनी बंद पडण्याचं प्रमाण घटतं. ग्रीसमधल्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वजनाच्या दर किलोला ५० युनिट दिलेल्या गटात ८.१ टक्के धमन्या बंद झाल्या, १०० युनिट दिलेल्या गटात ३ टक्के. रक्त पातळ करणारं औषध वाढवलं तर रक्त थांबवणं अवघड व्हायला हवं. पण मनगटावर रक्त थांबवणं ही अडचण नाहीच, ते हाडावर दाबून थांबतं. अडचण आहे गरजेपेक्षा जास्त गोठण्याची.

बंद झाली तर झाली, हात तर चालतोय, असं म्हणणारेही भेटतात. हृदयरोगाच्या पेशंटला मात्र हे परवडत नाही. पाच वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी लागली तर तो मार्ग संपलेला असतो. बायपासमध्ये सर्जन कित्येकदा हीच रेडियल धमनी काढून हृदयावर जोडतात. आणि मधुमेहामुळे किडनीही कुरकुरत असेल, पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर त्यासाठीचा फिस्टुला मनगटाशी याच धमनीला शीर जोडून करतात. अशा पेशंटनं हातातून करण्याआधीच किडनीचा विषय काढावा. डॉक्टर मग वेगळा हात किंवा वेगळी जागा निवडतील.

बँड बांधल्यानंतरचे दोन तास पेशंटला फार लांब वाटतात. बोटं जरा निळसर, फुगल्यासारखी होतात, अंगठा बधिर वाटतो. थोडंफार हे शिरांवरच्या दाबामुळे होतं आणि बँड सैल झाला की जातं. पण बोटं थंडगार, पांढरी पडली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर बेल वाजवायची. ‘काका, मनगट वाकवायचं नाही, बोटं हलवत राहा,’ असं सिस्टर येता-जाता सांगते ते ऐकायचं. उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही, बेडवर सरकतानाही नाही; निम्मे घोळ तिथेच होतात. आणि नातेवाइकांनी बँड स्वतः सैल करायच्या भानगडीत पडू नये, पेशंटनं कितीही गळ घातली तरी. हवा काढायची ती ठरलेल्या सिरिंजनंच. टीआर बँडची सिरिंज खास त्याच्यासाठीची असते, साधी सिरिंज तिथे बसत नाही. ती कॅथलॅबमधून पेशंटबरोबर वॉर्डात आली नाही की मग शोधाशोध सुरू होते; म्हणून चांगल्या ठिकाणी ती फाइललाच चिकटवून पाठवतात.

नुसती अँजिओग्राफी असेल तर साधारण तासाभरानं, अँजिओप्लास्टी असेल तर दोनेक तासांनी हवा सोडायला घेतात. दवाखान्यागणिक वेळा थोड्या वेगळ्या असतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिलिलिटर. प्रत्येक वेळी भोकाकडे पाहायचं. रक्त आलं तर काढलेली हवा परत भरून अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. यात घाबरण्यासारखं काही नाही. बुच अजून कच्ची आहे इतकंच. पूर्ण सुटल्यावर पारदर्शक छोटी पट्टी लावतात. जाड कापसाचा बोळा लावला तर खाली काय चाललंय ते कळणार नाही.

रक्त बाहेर न येता हातात साचणं हा प्रकार क्वचित होतो, पण त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. कॅनडातल्या क्युबेकचे ऑलिव्हिए बर्त्रां यांनी त्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. भोकाभोवती पाच सेंटिमीटरच्या आत टणक सूज असेल तर पहिली, दहाच्या आत दुसरी, त्याहून मोठी पण कोपराच्या खाली तिसरी, कोपर ओलांडलं की चौथी, आणि हाताचा रक्तपुरवठाच धोक्यात आला तर पाचवी. पहिल्या दोन बँडची जागा सुधारून, बर्फ लावून आटोक्यात येतात. तिसरी-चौथी बहुधा भोकामुळे नसतेच. नळीला वाट दाखवणाऱ्या आतल्या तारेनं धमनीची एखादी बारीक फांदी कोपराजवळ टोचलेली असते, त्यामुळे मनगट कितीही दाबा, हात फुगतच राहतो. तिथे बीपीचा पट्टा सुजलेल्या भागावर गुंडाळून पेशंटच्या वरच्या बीपीपेक्षा जरा कमी दाबावर काही मिनिटं ठेवतात, बीपी खाली आणतात, सुजेची कड पेनानं आखून ठेवतात आणि दर काही मिनिटांनी पाहतात. पेनाची ती रेघ हे वॉर्डातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन आहे. सूज रेघेबाहेर गेली की डॉक्टरला बोलवायचं, वाद नाही. पाचव्या पायरीला हाताचे स्नायू आतल्या दाबानं गुदमरतात आणि सर्जनला कातडी चिरून वाट मोकळी करावी लागते. ती वेळ फारच क्वचित येते.

घरी गेल्यावर काय? त्या हातानं पहिले दोन-तीन दिवस बादली, सिलिंडर, नातवंड, काहीही जड उचलायचं नाही. स्कूटर नको, ब्रेक, क्लच आणि खड्डे या तिन्हींचा ताण मनगटावर येतो. जागा पहिला दिवस कोरडी ठेवायची, नंतर हलक्या हातानं धुवायची, पण हात पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. निळा डाग आठवडा-दोन आठवडे राहील, तो पिवळा होत होत जाईल. आणि घरी अचानक रक्त आलंच तर खाली बसायचं किंवा आडवं व्हायचं, दुसऱ्या हाताच्या दोन-तीन बोटांनी भोकावर आणि भोकाच्या जरा वर, कोपराच्या बाजूला, घट्ट दाबायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडायचं नाही. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघायचं नाही. दर वेळी उचललं की नुकती धरलेली बुच निघते. हळद, कॉफी, चहाची पावडर असलं काहीही जखमेत भरायचं नाही. रुमाल किंवा दोरी हाताभोवती करकचून आवळायची नाही. दहा मिनिटांनीही थांबत नसेल किंवा रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर दाब न सोडता १०८ला फोन करायचा, आणि तो फोन घरच्या दुसऱ्या माणसानं करायचा. स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठायचा नाही. याच घाबरगुंडीत ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलची गोळी स्वतःच्या मनानं बंद करणारे लोक असतात. नवा स्टेंट असताना ती गोळी चुकवणं मनगटातून येणाऱ्या रक्ताच्या थेंबांपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

आता काही डॉक्टर मनगटाच्याही पुढे सरकले आहेत. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीमागे, दोन स्नायूबंधांमध्ये एक खळगा दिसतो. त्यातून तीच रेडियल धमनी जाते. रशियातले अवतांदील बाबुनाश्विली यांनी या जागेचा वापर आधी केला होता. कीमेनाय यांनी २०१७मध्ये डाव्या हातातल्या या मार्गाचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तो जगभर पसरला. इथे भोक पडतं ते तळहाताला जाणारी एक शाखा फुटून गेल्यानंतर. त्यामुळे ती जागा पूर्ण दाबली तरी मनगटातलं रक्त त्या शाखेतून वाहत राहतं आणि धमनी बंद पडण्याची शक्यता कमी होते. पेशंटला हात पालथा, पोटावर ठेवून पडता येतं, आणि उजव्या हातानं लिहिणाऱ्या-जेवणाऱ्या माणसाचा उजवा हात मोकळा राहतो. अडचण एवढीच की तिथे धमनी आणखी बारीक असते आणि सुई नेमकी बसायला सरावाचा हात लागतो. सोनोग्राफीची मदत घेतली तर सोपं जातं.

डिस्चार्जच्या वेळी ‘धमनी चालू आहे ना, ऑक्सिमीटर लावून बघितली का?’ एवढं विचारायला हरकत नाही. त्याच दिवशी बंद सापडली तर उपाय असू शकतो: हेपरिन रक्तात असेतो अल्नर धमनी तासभर दाबून ठेवली की कित्येकदा रेडियल पुन्हा वाहू लागते. चेक प्रजासत्ताकातल्या डॉक्टरांनी २०११मध्ये हे दाखवून दिलं आहे. आठवड्यानंतर कळलं तर त्या तासाचा फारसा उपयोग उरत नाही.